घरी शिकणाऱ्या मुलांनी कोणासाठी लिहायचं?



आपण गिरगावात जमलो आहोत, तेव्हा सुरुवात गिरगावातूनच करते. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी इथे चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं. त्या दिवशीच्या सभेचं अध्यक्षपद काशीबाई कानिटकरांकडे होतं. मुलींची शाळा उघडणाऱ्या या दोन्ही बायका स्वतः मात्र लहानपणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. रमाबाईंना आईनं, लक्ष्मीबाई डोंगऱ्यांनी, संस्कृत शिकवलं. तेही बरंचसं तीर्थयात्रेच्या वाटेवर. काशीबाई लग्नानंतर सासरी वाचायला शिकल्या, घरातल्यांची बोलणी खात.

आपल्याकडे होमस्कूलिंग हा शब्द आला की लोक म्हणतात, हे अमेरिकेचं खूळ. मी त्यांना या दोघींची नावं सांगते. पण माझा आजचा मुद्दा वेगळा आहे. १८८९ याच वर्षी रमाबाईंचं अमेरिकेवरचं मराठी पुस्तक आलं. त्याला प्रवासवर्णन म्हणतात, पण ते उघडून पाहा. तिथली राज्यपद्धती, घरं, शिक्षण, धर्मादाय संस्था, बायकांची स्थिती, व्यापार, सगळ्यावर सविस्तर प्रकरणं आहेत. म्हणजे नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र एकाच लेखणीतून उतरलंय. काशीबाईंनी त्याच सुमारास आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. लहानपणी शाळेची पायरी न चढलेल्या या बायका इतक्या विषयांवर इतकं नेमकं कसं लिहू शकल्या? माझ्या मते, आपलं लेखन कोण वाचणार आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रमाबाई अमेरिकेची राज्यघटना समजावत होत्या ती मराठी घरातल्या माणसाला, ज्यानं तो देश कधी पाहिलेला नाही आणि पाहण्याची शक्यताही नाही. त्यांच्या पुस्तकाला मार्क देणारं कोणी बसलेलं नव्हतं.

आता आजच्या मुलांकडे येते. दादर, माहीम, गिरगाव, परळ या पट्ट्यात घरी शिकणारी मुलं आहेत. संख्या मोठी नाही, पण पूर्वीपेक्षा जास्त आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांच्यातल्या काहींबरोबर लेखनाचं काम करते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात घरी शिकण्याचा उल्लेख नाही. त्यामुळे आईबापांच्या मनात कायम एक धाकधूक असते. पुढे दहावीला कोणी सतरा नंबरचा फॉर्म भरतं, कोणी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बसतं, कोणी केंब्रिजची परीक्षा देतं. हे तपशील आपल्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील, म्हणून त्यात शिरत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. रमाबाईंच्या काळी घरी शिकणं म्हणजे शाळेचं दार बंद असणं. आज ज्यांच्यासमोर दार उघडं आहे तीच माणसं ते नाकारतात, आणि त्यासाठी घरात एक मोठं माणूस दिवसभर मोकळं लागतं. ते बहुतेक वेळा आई असते. बाबा येऊन पालकसभेत तत्त्वज्ञान सांगतात. वही तपासते आई. लालबाग-परळच्या चाळीतल्या मुलांनाही घरी शिकायला मिळालं होतं, मार्च २०२० नंतर, करोनात. पहिली ते सातवीची मुंबईतली मुलं १५ डिसेंबर २०२१ पर्यंत वर्गात बसली नाहीत. दहा बाय बाराची खोली, घरात एकच मोबाइल, तोही बापाबरोबर कामावर गेलेला. त्याला कोणी होमस्कूलिंग म्हटलं नाही. तेव्हा आज मी ज्या मुलांबद्दल बोलणार आहे ती नशीबवान आहेत, हे लक्षात ठेवून ऐका.

या मुलांच्या घरी गेलं की विषयांच्या वह्या फार नेटक्या दिसतात. इतिहास, भूगोल, विज्ञान, प्रत्येकाची वेगळी वही, कव्हर घातलेली. आणि लेखन? ‘ते आम्ही शनिवारी करतो. निबंध असतो ना!’ म्हणजे लेखनाचा वार ठरलेला आणि विषयही ठरलेला: पावसाळ्यातील एक दिवस. बाकी सहा दिवस मूल जे लिहितं ती फक्त प्रश्नांची उत्तरं. शाळा सोडली, पण शाळेची ही सवय घरात पाहुणी म्हणून आली आणि मुक्कामाला राहिली.

ही सवय काही आपल्याच देशाची नाही. इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा ते अठरा वयाच्या मुलांचे दोन हजारांहून जास्त लेखननमुने गोळा केले. इतिहासाचे, विज्ञानाचे, सगळ्या विषयांचे. १९७५ साली त्यांचं पुस्तक आलं. जवळजवळ निम्मं लेखन एकाच वाचकासाठी होतं: तपासनीस शिक्षक. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यालाच मुलं उत्तर सांगत होती. विचार करा, आपण मोठी माणसं असं कधी करतो? फलाटावरच्या माणसाला आपण विचारतो, ही गाडी दादरला थांबते का, कारण आपल्याला माहीत नसतं. माहीत असूनही विचारणारा माणूस भेटला, तर आपण त्याच्याकडे संशयानं बघतो. मूल आयुष्याची दहा-बारा वर्षं अशाच माणसांना उत्तरं देत असतं.

घरी हा प्रश्न आणखी अवघड होतो. वर्गात निदान शेजारी बसलेली पोरं असतात, ती डोकावून वाचतात, हसतात. घरी आईच शिकवणारी, तीच वाचणारी, तीच तपासणारी. म्हणून सगळ्या विषयांत लेखन आणायचं असेल तर आधी वाचक शोधून द्यावा लागतो, असं मी पालकांना सांगते. ज्याला ती गोष्ट खरोखर माहीत नाही आणि जाणून घ्यायची आहे असा वाचक. पद्धती, तक्ते, कार्यपुस्तिका हे सगळं त्यानंतर.

एक उदाहरण जरा तपशिलात सांगते, कारण त्यात विज्ञान, गणित आणि भाषा यांच्यातलं कुंपण माझ्या डोळ्यांदेखत मोडलं.

ठाकूरद्वारच्या चाळीतला एक मुलगा, बारा वर्षांचा. २०२५ च्या विसर्जनाला लालबागचा राजा चौपाटीवर भरतीमुळे अडकला आणि दुसऱ्या दिवशी रात्री विसर्जन झालं, हे आपल्या सगळ्यांना आठवत असेल. मुलगा ते बघून आला आणि भरतीच्या मागे लागला. वहीत त्यानं लिहिलं: ‘भरती-ओहोटी चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे होते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.’ दोन्ही वाक्यं बरोबर. आई खूश. मी विचारलं, हे तू कोणाला सांगतोयस? तो म्हणाला, ‘कोणाला म्हणजे? लिहिलंय.’

घरात आजी आहे, देवगडची. तिला गुरुत्वाकर्षण माहीत नाही, पण भरतीची वेळ तोंडपाठ. कोकणातला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मी मुलाला म्हटलं, तुझी पन्नास मिनिटं आणि आजीचा पाऊण तास यांत पाच मिनिटांचा फरक आहे. आजीला पत्र लिहून सांग, कोण बरोबर ते. आजी त्याच खोलीत बसलेली होती. तरीही पत्रच लिहायचं, तोंडी नाही, कारण तोंडी सांगताना तो हातवारे करून निसटला असता.

पत्राला बरेच दिवस लागले. आधी त्याला कळलं की आजी तिथी मोजते आणि तो तारीख मोजतो, आणि दोन्ही सारख्या लांबीच्या नसतात. मग तिथी म्हणजे काय हे शोधावं लागलं. ते त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं, पंचांगात होतं. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या भरतीच्या वेळा त्यानं वहीत उतरवून काढल्या. शेवटी जे पत्र झालं त्यातला मधला भाग असा होता:

‘आजी, तिथी बदलते म्हणजे चंद्र सूर्यापासून आणखी बारा अंश पुढे जातो. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते. म्हणून बारा अंश जास्त फिरायला तिला ४८ मिनिटे लागतात. तू पाऊण तास धरतेस म्हणजे ४५. प्रत्येक तिथीला तीन मिनिटे कमी पडतात. पंधरा तिथ्यांत पंचेचाळीस मिनिटे. म्हणून पौर्णिमेला तुझे उत्तर सव्वाअकरा येते आणि भरती बाराच्या सुमारास येते. पण ४८ मिनिटांचा पाढा कोणाला येत नाही आणि पाऊणकी तुला येते, म्हणून तुझी पद्धत होडीसाठी चांगली आहे.’

शेवटचं वाक्य मला फार आवडलं. आजीचा मान राखून त्यानं तिची चूक दाखवली आणि ती चूक लोकांनी का पत्करली असेल, याचाही अंदाज बांधला. ‘५० मिनिटे उशिरा’ हे वाक्य पाठ करून हे सुचलं नसतं. ज्याला तिथी कळते पण अंश कळत नाहीत, अशा माणसासाठी लिहायला बसल्यावर त्याला अंश आणि तिथी एकमेकांशेजारी ठेवाव्या लागल्या.

आजीनं चष्मा लावून पत्र वाचलं आणि विचारलं, ‘बरं, पण अष्टमीला माझा हिशेब जास्तच चुकतो तो का? तेव्हा तर चोवीसच मिनिटं चुकायला हवीत.’ वर्तमानपत्रातल्या आकड्यांतही ते दिसत होतं. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवसांत फरक नियमाच्या जवळपास राहतो, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तो वाढतो, कधी एका दिवसात तासाच्या पुढे जातो. त्यात सूर्याचीही ओढ असते. आजीच्या या प्रश्नाला उत्तर देणारं पत्र अजून लिहून झालेलं नाही.

मी ही गोष्ट एका पालकांच्या गटात सांगितली तेव्हा एका आईनं विचारलं, यात मराठीचे मार्क किती आणि विज्ञानाचे किती? प्रश्न प्रामाणिक होता. परीक्षा द्यायचीच आहे, तिचा रियाज वेगळा करावा लागतो, आणि तो दहावीच्या आधीच्या वर्षात नेमानं केला तर बहुतेक मुलांचं भागतं. सातव्या वर्षापासून तोच रियाज कशाला?

इतिहासाचं उदाहरण लालबागचं. तिथल्या एका मुलीनं १९८२ च्या गिरणी संपावर लिहिलं. पहिला खर्डा गाइडमधून उचलल्यासारखा: ‘संपाची कारणे पुढीलप्रमाणे होती.’ खाली (१), (२), (३). तिचे आजोबा गिरणीत साचेखात्यात होते, ते कॉटवर पडून हे ऐकत होते. मी तिला म्हटलं, तुझा गावाकडचा धाकटा मामेभाऊ आहे ना, त्याला सांग. त्याला मुंबई माहीत नाही, युनियन माहीत नाही, बोनस माहीत नाही.

मग अडचण सुरू झाली. कामगारांची युनियन होतीच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ, मग ते कामगारनेते दत्ता सामंतांकडे का गेले? पुस्तकात एक ओळ होती, ती तिनं उतरवली होती. पण मामेभावाला सांगायचं म्हटल्यावर तिला कळलं की ती ओळ तिलाच कळलेली नाही. १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, मालकांशी बोलायचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त युनियनला, आणि मान्यता एकाच युनियनला. हे तिनं तीनदा लिहिलं. तिसऱ्या वेळी लिहिलं: ‘कामगारांना ज्याच्यावर विश्वास होता त्याला मालकांशी बोलता येत नव्हते आणि ज्याला बोलता येत होते त्याच्यावर विश्वास नव्हता.’ एवढं नेमकं वाक्य मी पदवीच्या उत्तरपत्रिकांतही फारसं पाहिलेलं नाही.

पुढे आजोबांनी घोळ घातला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला हे त्यांना मान्य, पण संपला कधी? ते म्हणाले, संप मागे घेतल्याचं कोणी जाहीरच केलं नाही. ते खरंच आहे. संप रीतसर मागे घेतला गेला नाही. माणसं एकेक करून परतली, किंवा गावाला गेली, किंवा कामावर घेतलीच गेली नाहीत. मुलीच्या हातातल्या पुस्तकात मात्र संपाचं शेवटचं साल छापलेलं. कोणतं लिहायचं? तिनं दोन्ही लिहिलं आणि खाली एक ओळ घातली की पुस्तक गिरण्या कधी चालू झाल्या ते सांगतं आणि आजोबा माणसं कुठे गेली ते सांगतात. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभरेक माणसांच्या तोंडून इतिहास गोळा करून २००४ साली पुस्तक केलं, त्यामागे हेच काम होतं, अर्थात फार मोठ्या प्रमाणावर. घरी शिकणाऱ्या मुलाला या कामासाठी लागणारा वेळ असतो. शाळेतल्या मुलाला पस्तीस मिनिटांचा तास असतो. ही सवलत आहे तर ती वापरा, एवढंच माझं म्हणणं. सकाळी नऊ ते सव्वाबारा असं वेळापत्रक भिंतीवर लावलंत तर शाळा काय वाईट होती?

भाषेबद्दल थोडं. दादरमधली घरी शिकणारी बरीच मुलं पुस्तकं इंग्रजीतली वापरतात आणि घरात मराठी बोलतात. लिहायचं कशात? मी म्हणते, पहिला खर्डा वाचकाच्या भाषेत. आजीला पत्र मराठीत, बंगळूरच्या चुलतभावाला इंग्रजीत. त्याच मजकुराचं दुसऱ्या भाषेत पुन्हा लेखन केलं तर उत्तमच, पण भाषांतर म्हणून नाही. वाचक बदलला म्हणून.

विज्ञान कच्चं राहतं त्यात भाषेचा वाटा किती मोठा असतो, हे मुंबईत फार पूर्वी दिसलेलं आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झालं. तिथल्या व्ही. जी. कुलकर्णी यांनी महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम करताना पाठ्यपुस्तकाच्या भाषेकडे बोट दाखवलं. पुस्तकी, संस्कृतप्रचुर वाक्यं सोपी केली की तीच मुलं तेच विज्ञान समजून घेतात. मी याला एक पाऊल जोडते. सोपं करण्याचं काम मुलांनाच करू द्या. ‘प्लवन’ म्हणजे काय हे धाकट्या बहिणीला कळेल असं चार ओळींत लिही. यात पारिभाषिक शब्द टाळायचा नाही, तो शेवटी यायला हवा, गोष्ट कळल्यानंतर. आपल्या पुस्तकांत तो आधी येतो, जाड टायपात.

इथे १८४८ सालच्या उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. एल्फिन्स्टनमध्ये शिकलेली विशी-पंचविशीतली पोरं, अध्यक्ष दादोबा पांडुरंग. नाना शास्त्रीय विषयांवर मराठीत निबंध लिहायचे आणि सभेत वाचायचे. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक निघालं. इंग्रजीत शिकलेलं रसायनशास्त्र मराठीत मांडायला परिभाषा तयार नव्हती, ती लिहिता लिहिता घडवावी लागली. समोर ऐकणारी माणसं होती म्हणून घडली.

आता वही तपासण्याबद्दल. पालकांना मी लाल पेन काढून ठेवायला लावते. पहिल्या वाचनाला फक्त प्रश्न विचारायचे, तेही खरे. ‘हे कसं मोजलंस?’ ‘यानंतर काय झालं?’ ‘हा माणूस कोण?’ मूल पुन्हा लिहील. मग दुसऱ्या वाचनाला वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवायला सांगायची. जिथे ते स्वतःच अडखळेल तिथे वाक्य बिघडलेलं असतं, आपण बोट ठेवायची गरज पडत नाही. ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी, आणि फेअर करण्याआधी. हा क्रम उलटा झाला की मूल लवकर शिकतं की लहान वाक्यांत चुका कमी होतात. मग ते तीन शब्दांची वाक्यं लिहू लागतं, आई म्हणते सुधारणा आहे, आणि विचार त्या तीन शब्दांत मावेल एवढाच उरतो.

सगळंच फेअर करायचं नाही, हेही सांगते. जे कोणाकडे जाणार आहे तेच. भरतीच्या नोंदी खाडाखोडीच्या वहीतच राहू द्याव्यात. त्या कशा सुधारल्या हे नंतर मुलालाच बघायला मजा येते.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो: आजी-आजोबा सगळ्यांच्या घरी नसतात. खरं आहे. परळ-लालबागला जुन्या चाळी पडून टॉवर उभे राहिले. त्यात तिसाव्या मजल्यावर एकच मूल, आईबाप आणि कुत्रा असं कुटुंब राहतं. तिथे बत्तिसाव्या मजल्यावर कोणी निवृत्त इंजिनिअर असेल, त्यांच्याशी लिफ्टमध्ये ओळख करून घ्यावी लागते. पालकांना संकोच वाटतो, मुलांना वाटत नाही.

म्हणून शेवटी या सभागृहात बसलेल्यांकडे एक मागणी. तुमच्यापैकी कोणी रेल्वेत होतं, कोणी केईएममध्ये, कोणी गोदीत, कोणी पोस्टात. आम्हाला मुलांचं लिखाण वाचणारी माणसं हवी आहेत. महिन्याला एक वही घरी येईल. ती वाचायची आणि जे कळलं नाही ते खाली शिसपेन्सिलीनं विचारायचं. शाबासकी लिहू नका, मार्क तर मुळीच देऊ नका. आणि मुलानं तुमच्याच कामाबद्दल काही चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्त न करता त्याला चहाच्या वेळी बोलवा. दाराशी एक वही ठेवली आहे, जाताना नाव आणि कोणत्या दिवशी वेळ मिळतो ते लिहून जा. शनिवार सोडून.